त्याचाही पेपर काढा

प्रति,
मा. संचालक,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद,
कुमठेकर मार्ग, पुणे.



आपल्या परिषदेच्या चाचण्यांचे गठ्ठे श्रीगोंद्याच्या गटसाधन केंद्रात उतरतात. तिथून ते केंद्रशाळांवर जातात आणि केंद्रशाळेतून कुणाच्या तरी मोटारसायकलला बांधून वाडीवस्तीवरच्या शाळेत पोहोचतात. पेपर पटाप्रमाणे मोजून येतात. पाचवीच्या पटावर एकोणीस मुले असली तर पेपरही एकोणीस. त्यातला एखादा पेपर अशा मुलाचा असतो, की ज्याला अक्षरओळख नाही, दोन शब्दांपुढे बोलता येत नाही आणि लघवीला जायचे आहे हे शेजारच्या पोराने बाईंना सांगावे लागते. आईने पिशवीत जपून ठेवलेल्या प्रमाणपत्रावर तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व, ९० टक्के, असे लिहिलेले असते. पेपर त्याच्या वाट्याला येतो, पण तो काढताना कुणाच्या डोळ्यांपुढे हे मूल नसते.

मी या तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांत शिकवले आणि मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. हे पत्र एका मागणीसाठी लिहितो आहे. तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी परिषदेने पर्यायी मूल्यमापन तयार करावे, ते कसे घ्यायचे हे वर्गशिक्षकाला शिकवावे आणि त्याचा निकाल बाकीच्या मुलांच्या निकालाशेजारी नोंदवावा. पत्र उघडे लिहिण्याचे कारण एवढेच, की ही गोष्ट जितकी आपल्या कार्यालयाची आहे तितकीच गावोगावच्या शिक्षकांची आणि पालकांची आहे.

२०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या. पायाभूत, संकलित एक, संकलित दोन. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. गुण चॅटबॉटवर भरायचे, ते विद्या समीक्षा केंद्रात जमा होतात. कोणत्या जिल्ह्यातली मुले भागाकारात अडली, हे तिथल्या पडद्यावर दिसावे, हा हेतू चांगलाच आहे. पण या मुलाच्या बाबतीत चाचणीच्या दिवशी शाळेत तीनपैकी एक गोष्ट होते. पहिली, आदल्या दिवशी आईला सांगितले जाते, ‘उद्या नाही पाठवलं तरी चालेल.’ दुसरी, पेपर आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली जाते, तो रेघोट्या मारतो आणि शून्य पडते. तिसरी, पास होण्यापुरते कुणीतरी लिहून देते आणि गुण भरले जातात. पहिल्यात मूल नाही, दुसऱ्यात शिकणे नाही, तिसऱ्यात खरेपणा नाही. शिक्षकाच्या मनात वाईट नसते. त्याच्या हातात दुसरे साधनच नसते.

प्रगतिपुस्तकाचेही तेच. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प अशी आठ आकारिक तंत्रे आली. खरे तर या मुलांसाठी याहून चांगली बातमी नव्हती, कारण पेपर सोडून इतर सात वाटा उघडल्या होत्या. प्रत्यक्षात काय झाले, ते आपण आणि मी दोघेही जाणतो. वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तके दुकानात आली, पुढे त्यांच्या पीडीएफ मोबाइलवर फिरल्या. ‘मित्रांशी मिळूनमिसळून वागतो’, ‘चित्रे रंगवण्याची आवड आहे’, ‘शाळेत नियमित येतो’. पहिलीपासून आठवीपर्यंत त्याच तीन ओळी, आणि श्रेणी क-२. आठ वर्षांत मूल काय शिकले, हे त्या पुस्तकावरून त्याच्या आईलाही कळत नाही आणि पुढच्या वर्षीच्या शिक्षकालाही नाही. दर जूनमध्ये नवा शिक्षक पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो.

सवलती आहेत, हे मला माहीत आहे. १६ ऑक्टोबर २०१८ च्या शासन निर्णयात दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी त्या तपशिलाने दिल्या आहेत. जादा वेळ, लेखनिक, दहावीला गणिताऐवजी सातवीचे अंकगणित. दृष्टिदोष असलेल्या, हात थरथरणाऱ्या, अध्ययन अक्षमता असलेल्या कितीतरी मुलांची वाट या सवलतींनी मोकळी झाली. पण सवलत म्हणजे तोच पेपर, थोडा सोपा रस्ता. ज्याला प्रश्नच कळत नाही, त्याला ताशी वीस मिनिटे जास्त दिली तर तो वीस मिनिटे जास्त बसून राहतो. लेखनिक त्याच्या तोंडून काय ऐकून लिहिणार? या मुलाला लागतो तो वेगळा प्रश्न, वेगळ्या रीतीने विचारलेला, आणि उत्तर देण्याची वेगळी रीत.

आता त्या ९० टक्क्यांबद्दल. केंद्र सरकारने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत बौद्धिक दिव्यांगत्वाचे मोजमाप ठरवून दिले: सौम्य ५० टक्के, मध्यम ७५, तीव्र ९०, अतितीव्र १००. प्रमाणपत्रासाठी श्रीगोंद्याहून आईबाप पोराला घेऊन नगरच्या सिव्हिलला जातात, रोज बुडवतात, रांगेत बसतात. पेन्शनला, पासला, कार्डाला तो आकडा लागतो आणि तो योग्यच आहे. पण या मुलाबद्दल शासनाकडे असलेला हा एकमेव आकडा त्याला काय येत नाही ते सांगतो. त्याला काय येते, गेल्या वर्षी काय येत नव्हते आणि आता येऊ लागले, याचा एकही आकडा कुठे नोंदलेला नाही.

आणि नोंदला पाहिजे, असे कायदा म्हणतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ मध्ये प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग, त्याने गाठलेली पातळी आणि शिक्षण पूर्ण होणे यांवर लक्ष ठेवण्याचे कर्तव्य शैक्षणिक संस्थांवर टाकले आहे. कलम १७ अभ्यासक्रमात आणि परीक्षा पद्धतीत योग्य ते बदल करायला सांगते. जादा वेळ आणि लेखनिक ही त्या कलमातली उदाहरणे आहेत, बदल तिथेच संपत नाहीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये ‘परख’ या मूल्यांकन केंद्राकडून योग्य साधनांची अपेक्षा केली, पण त्या परिच्छेदात उल्लेख आहे तो अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांचा. बौद्धिक दिव्यांग मूल तिथेही अंगणातच राहिले. म्हणून राज्याने वाट पाहू नये, असे मला वाटते.

पर्यायी मूल्यमापन म्हणजे नेमके काय, असे कुणी विचारील. वर्गाचीच अध्ययन निष्पत्ती घ्यायची, तिचा गाभा ठेवायचा, खोली कमी करायची. पाचवीला अपूर्णांक आहेत. या मुलापुढे एक पूर्ण भाकरी आणि एक मोडलेली ठेवा आणि म्हणा, ‘अर्धी दे.’ मराठीच्या पेपरात उतारा वाचून उत्तरे असतात. याला तोच उतारा गोष्ट म्हणून सांगा आणि तीन चित्रांतून गोष्टीत कोण होते ते उचलायला सांगा. मोठ्या संख्यांच्या जागी दहाची आणि वीसची नोट. वर्गीकरणाला लिंबे आहेतच. आमच्या तालुक्यात लिंबाच्या बागा आहेत, मोठी-लहान, पिवळी-हिरवी अशी निवड पोरे घरी करतच असतात. बाकीचा वर्ग जे शिकतो आहे तेच हे मूल शिकते आहे, आपल्या पायरीवर. निव्वळ दात घासणे आणि बटण लावणे एवढ्यावर त्याची शाळा संपवायची नाही.

हे ऐकायला सोपे वाटते. घ्यायला अवघड आहे, आणि या पत्रातला माझा खरा आग्रह त्या घेण्याबद्दल आहे. एका विशेष शिक्षिकेला मी हे काम करताना पाहिले आहे. परिसर अभ्यासातला प्रश्न होता, पाणी कुठून येते. सतरंजीवर मुलासमोर तिने तीन चित्रे मांडली: चप्पल, ट्रॅक्टर आणि उजव्या कडेला विहीर. मुलगा चित्रांकडे बघेना, बाईंच्या तोंडाकडे बघू लागला. बाईंनी नजर खाली स्वतःच्या वहीवर ठेवली, कारण विचारणाऱ्याची नजर आपोआप बरोबर उत्तरावर जाते आणि ही मुले नजर फार चांगली वाचतात. मग ती गप्प बसून राहिली. आम्हा शिक्षकांना ही शांतता सोसत नाही. आपण तीन सेकंदांत पुन्हा विचारतो, पाचव्या सेकंदाला उत्तर सांगून टाकतो. तिने दहापर्यंत मनात मोजले. मुलाने विहिरीवर हात ठेवला. मी ‘शाबास’ म्हणणार, तेवढ्यात तिने चित्रे उचलली, जागा बदलल्या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी उजव्या कडेला ट्रॅक्टर होता. मुलाने ट्रॅक्टर उचलला. तिने वहीत लिहिले, ‘दोन्ही वेळा उजवीकडचे.’ म्हणजे पहिले उत्तर बरोबर असले तरी ते उत्तर नव्हते, सवय होती.

दुसऱ्या दिवशी तिने चित्रे आणलीच नाहीत. भरलेली कळशी, रिकामी कळशी आणि चप्पल आणली, आणि ‘पाणी दाखव’ म्हणाली. मुलाने भरल्या कळशीत हात घातला. जागा बदलली, तरी घातला. तिने लिहिले, ‘वस्तू ओळखतो, चित्र अजून नाही. मदतीशिवाय.’ त्या एका ओळीत पुढच्या तीन महिन्यांचे शिकवणे होते: वस्तूवरून फोटोवर, फोटोवरून चित्रावर. तीन ओळींच्या त्या तयार नोंदींत हे कधी सापडले असते का?

म्हणून नुसती कृतिपुस्तिका छापून उपयोग नाही. ती घेण्याची रीत शिकवावी लागेल. मूल उत्तर कसे देते हे आधी ठरवावे: बोटाने, नजरेने, मान हलवून की वस्तू हातात देऊन. फिट्सची गोळी चालू असेल, तर कोणत्या वेळी मूल जागे आणि ताजे असते हे आईला विचारून वेळ ठरवावी. एका बैठकीत सगळे उरकू नये, दहा-पंधरा मिनिटांच्या बैठका चार-पाच दिवसांत घ्याव्यात. आई शेजारी बसली तर चालेल, पण तिने हात धरायचा नाही. हात धरलाच, तर तसे लिहायचे. मदतीची पातळी लिहिणे हा या मूल्यमापनाचा कणा आहे: स्वतःहून केले, अधूनमधून सुचवल्यावर केले, तोंडी सांगितल्यावर केले, हात धरून केले. गेल्या वर्षी हात धरून, यंदा नुसते सांगून, ही प्रगती आहे आणि ती श्रेणीच्या कुठल्याही रकान्यात मावत नाही.

यातले काही मी नवीन सांगत नाही. मदतीच्या पातळ्या लिहिण्याची ही रीत सिकंदराबादच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेच्या तपासणी सूचीत आहे. ‘एफएसीपी’ नावाने ती विशेष शिक्षकांना पाठ असते. वैयक्तिक, सामाजिक, शैक्षणिक, व्यावसायिक आणि करमणूक अशा क्षेत्रांत मूल कुठे आहे, हे ती दाखवते. त्याही आधीची मद्रासची एक पद्धत १८ क्षेत्रांतली ३६० कौशल्ये तपासते. आणि आपल्याच राज्यात, मुंबईत १९४४ मध्ये सुरू झालेल्या जय वकील संस्थेने ‘दिशा’ हा अभ्यासक्रम मूल्यमापनासह तयार केला. राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने तो बौद्धिक दिव्यांग मुलांच्या विशेष शाळांत नेला. ही मोठी गोष्ट आहे.

पण दिव्यांग कल्याण हा एक विभाग आणि शालेय शिक्षण हा दुसरा. विशेष शाळेत गेलेल्या मुलाला ‘दिशा’ मिळाली. तेवढेच दिव्यांगत्व असलेले दुसरे मूल गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या पटावर आहे, त्याला काय मिळाले? वाडीवरच्या शेतमजुराने पोराला लांबच्या विशेष शाळेत ठेवायचे म्हटले, तर ते घरापासून तुटते. न ठेवायचे, तर ते मूल्यमापनापासून तुटते. समावेशित शिक्षणाचा आग्रह आपण धरला, मूल घराजवळच्या शाळेत आणले, ते बरोबरच केले. आता त्याला तिथे शिकवल्याचा पुरावाही तयार करायला हवा. घरी राहून शिकणाऱ्या मुलांनाही हेच लागू. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने बहुविध आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय मिळाला. हे मूल्यमापन त्यांच्या ओट्यापर्यंत गेले पाहिजे.

जगात हे कुणी करून पाहिले आहे का? अमेरिकेत १९९७ च्या कायद्याने प्रत्येक राज्याला अशा मुलांसाठी पर्यायी मूल्यमापन बंधनकारक केले आणि १ जुलै २००० ची मुदत घातली. केंटकी राज्याने त्याआधीच, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, मुलाच्या कामाची संचिका तपासण्याची पद्धत आणली होती. त्यांच्या अनुभवातून आपल्याला दोन धडे फुकट मिळतात. पहिला, संचिकेवर गुण द्यायला लागल्यावर पुष्कळदा गुण मुलाच्या शिकण्याला पडण्याऐवजी शिक्षकाच्या मांडणीला पडू लागले. फाइल सजवण्यात आपण महाराष्ट्रातले शिक्षक कुणाला हार जाणार नाही, तेव्हा हा धोका आपल्याकडे दुप्पट आहे. म्हणून फायलींची स्पर्धा नको, ठरलेली मोजकी कृती हवी आणि चार मुलांमागे एकाच्या वेळी केंद्रप्रमुख किंवा दुसरा शिक्षक शेजारी बसलेला हवा.

दुसरा धडा जास्त महत्त्वाचा. वेगळी परीक्षा निघाली, की सरासरी खाली ओढणारे प्रत्येक मूल तिकडे ढकलण्याचा मोह होतो. अमेरिकेला म्हणून २०१५ च्या कायद्यात मर्यादा घालावी लागली: राज्यात परीक्षा देणाऱ्यांपैकी एक टक्क्याहून जास्त मुले या वाटेने जाता कामा नयेत. आपल्याकडे हा मोह कुणाच्या मुळावर येईल, हे श्रीगोंद्यात बसून स्पष्ट दिसते. या तालुक्यात साखर कारखाने आहेत. हंगामात बीड-पाथर्डीकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, त्यांच्याबरोबर पोरे येतात. अर्धे वर्ष एका शाळेत, अर्धे दुसऱ्या, बरेच दिवस कुठेच नाही. त्यांना वाचता येत नाही, कारण त्यांना शिकवलेले नाही. अशा एकाही मुलाला या पर्यायी यादीत घालता कामा नये. कमी गुण, गैरहजेरी, घरची वेगळी बोली, वर्गातला दंगा, यांपैकी कशावरूनही नाही. प्रमाणपत्र, रोजच्या व्यवहारातल्या कौशल्यांची तपासणी आणि पालकांची लेखी संमती, तिन्ही असतील तरच. आणि दरवर्षी फेरविचार.

आपले अधिकारी म्हणतील, शिक्षकावर आणखी एक ओझे. मान्य. मतदार याद्या, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, यात शिक्षक पिचला आहे, हे मी स्वतः भोगून सांगतो. पण दोनशेच्या पटात अशी मुले असतात एक-दोन. वर्षातून दोनदा, प्रत्येकी तासभर. त्या बदल्यात त्याच मुलाच्या नावाने भरायची खोटी माहिती वाचते. शिवाय शिक्षक एकटा नसावा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवायला सांगितले आणि केंद्र सरकारने ते २०२२ मध्ये ठरवले: प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक, उच्च प्राथमिकला पंधरामागे एक. राज्याने २०२४ मध्ये केंद्रनिहाय एक याप्रमाणे विशेष शिक्षकांच्या ४,८६० पदांचा निर्णय घेतला. वर्षानुवर्षे कंत्राटावर, अपुऱ्या मानधनावर या मुलांच्या घरी जाणारी ही माणसे आहेत. त्यांच्याजवळची विद्या वर्गशिक्षकाच्या हातात देण्याचे काम परिषदेचे आहे.

तेव्हा नेमके मागणे असे. तिसरी ते आठवीच्या मराठी, गणित आणि परिसर अभ्यास किंवा विज्ञानाच्या निवडक अध्ययन निष्पत्तींच्या तीन-तीन पायऱ्या करून कृतिपुस्तिका काढावी. विशेष शिक्षक, वर्गशिक्षक आणि पालक तिच्या समितीवर असावेत. संगमनेरच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत आणि तशाच प्रत्येक जिल्ह्यातल्या संस्थेत दोन दिवसांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण व्हावे. पडद्यावर सरकपट्ट्या दाखवून नको, मुलासमोर बसवून हवे. चॅटबॉटवर ‘पर्यायी मूल्यमापन’ असा रकाना असावा आणि तिथे गुणांऐवजी पायरी आणि मदतीची पातळी भरावी. हा निकाल शाळेची क्रमवारी लावायला कधीही वापरू नये. पहिल्या वर्षी एका तालुक्यात करून पाहावे. श्रीगोंदा घ्या. इथे शहर आहे, बागायत आहे, जिराईत आहे, टोळ्यांची पोरे आहेत. इथे जमले तर बऱ्याच ठिकाणी जमेल.

शेवटी दोन शब्द पालकांसाठी, कारण हे पत्र त्यांच्याही हाती पडेल. चाचणीच्या दिवशी आपल्या मुलाला घरी ठेवू नका. त्याला शाळेत पाठवा आणि सरांना विचारा, ‘माझ्या पोराला या वर्षात काय नवीन आलं, ते लिहून द्या.’ अधिनियमाचे कलम १६ तुमच्या बाजूने आहे. हा प्रश्न प्रत्येक शाळेत एका तरी आईने विचारला, तर उत्तर देण्यासाठी शिक्षकाला साधन द्यावेच लागेल आणि ते साधन पुण्याहूनच यावे लागेल.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक मुख्याध्यापक,
तालुका श्रीगोंदा, जिल्हा अहिल्यानगर